सहा महिने नुसती घंटी

"इतके देश फिरलात, पण एक तरी वाद्य धड येतं का तुम्हाला?"

तोंड माझं, पैज मैत्रिणीची. शाळेच्या सभागृहात पाहुण्या वादकबाई आल्या होत्या. तीस वर्षं देशोदेशींची तालवाद्यं शिकत हिंडलेल्या. सतरंजीवर सात-आठ वाद्यं मांडलेली. एक काखेत दाबायचं, एक मांडीत धरायचं, एक तर माझ्याहून उंच. "विचारून दाखव, खिडकीची जागा वर्षभर तुझी," असं मला बटाटीने डिवचलं होतं. बटाटी म्हणजे माझी जिवलग, शाळेच्या बँडमध्ये दुसऱ्या ड्रमवर. मुख्य ड्रमवर अर्थातच मी!

संगीताच्या सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

बाई मात्र खळखळून हसल्या. "नाही गं येत! पहिल्या गावात गुरूंनी सहा महिने ही लोखंडी घंटीच हातात दिली. मग एका बेटावर गेले, तर म्हणाले, आधी नाचायला शीक. तिसरीकडे वर्षभर नुसते बोल पाठ करायचे, वाद्याला हात लावायचा नाही. जाईन तिथे मी आपली पहिलीच्या वर्गात. तू वाजवतेस?"

"मुख्य ड्रम," मी मान ताठ करून सांगितलं.

"मग ये, घंटी धर."

टण्... टण्-टण्. एवढंच! हे तर माझी धाकटी बहीणही झोपेत वाजवेल. मग बाईंनी उंच ड्रमवर हात टाकला आणि त्यांची बोटं अशी धावली की मी बघतच राहिले. बघता बघता घंटीही त्यांच्यामागे सुटली. त्या थांबल्या.

"माझे हात बघू नकोस. तूच पळालीस तर मी परत यायचं कुठे?"

दुसऱ्यांदा पळाले. तिसऱ्यांदाही. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. चौथ्यांदा मी त्यांच्या चपलेच्या उसवलेल्या पट्ट्यावर डोळे रोवले आणि जमलं! बाई वाटेल तिकडे भटकून नेमक्या माझ्या 'टण्'वर येऊन टेकत होत्या. अंगावर काटा आला.

सर दोन महिने ओरडत होते, "अगं, पळतेस!" मला वाटायचं, बटाटीच रेंगाळते. तिला तोंडावर तसं म्हटलंही होतं. ती मुळीच रेंगाळत नव्हती.

घरी आले तर आई बँडच्या कार्यक्रमासाठी माझ्या जाकिटाला सोनेरी पट्टी शिवत होती. बाबा फोनवर आत्याला सांगत होते, "पहिल्याच रांगेत बसा, मुख्य ड्रम आपलाच आहे!"

"बाबा, फोन ठेवा. आई, तू सुई ठेव."

"काय फोडून आलीस?" आईने विचारलं.

"काही नाही. मुख्य ड्रम मी बटाटीला दिला, सरांना सांगून आलेय. यंदा मी मागच्या रांगेत उभी राहून घंटी वाजवणार आहे."