बनाबाईची ओ

फौजियानं अर्जावर पेन्सिलीनं आधीच लिहून टाकलं होतं, 'यात नवं ते काय?' ती पेटंट कचेरीत परीक्षक होती. सोमवारी मत द्यायचं होतं.

दावा एवढाच, की एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांनी शेजारच्याला सारखं विचारत राहायचं, 'चालू आहेस ना?' नुसतं 'आहे' म्हणून भागायचं नाही, आत्ता कुठलं काम केलंस तेही उत्तरात सांगायचं. त्या धंद्यातल्या जाणत्याला हे सहज सुचलं असतं, तर पेटंट नाही.

फौजियाला लहानपणी पाहिलेली डोंगरातली हिर्डोशीच आठवली. तिचे अब्बा, अय्युब मनियार, भोरहून तिथं बांगड्या भरायला जायचे, तेव्हा ती बरोबर असायची. धुकं उतरलं की संध्याकाळी खालून हाळी यायची आणि वरच्या घराघरातून ओ जायची. ओ आली नाही, की माणसं काठ्या घेऊन चढायची. वायरी नव्हत्या, एवढाच काय तो फरक. २००४ च्या भादव्यात, रविवारची एस्टी धरून ती तिथं गेली. निमित्त अर्जाचं, ओढ तेव्हा बापलेकींना जेवू घालणाऱ्या बनाबाईच्या नाचणीच्या भाकरीची.

बनाबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारची साळूबाई ओट्यावर बसलेली.

"अय्युबभाईची पोर न्हवं तू? उशीर केलास बाई. बना गेली आखाडात."

"कशानं, मावशी?"

"तापानं म्हनत्यात. तिचा घसा बसला व्हता. म्हनली, साळे, माजी ओ तूच दे, न्हाईतर ही मंडळी उगं चिखल तुडवत येत्याल. दिली म्या, तिच्याच आवाजात. मलाबी झोडपत्या पावसात तिच्याकडं जानं झालं न्हाई. तिसऱ्या दिशी धूर दिसंना म्हून दार ढकललं. दोन दिस झालं व्हतं, पोरी. दोन दिस मी मेल्या बाईची ओ देत व्हते."

आत्ता काय केलंस ते सांगायला लावून, ओ नक्की कुणाची हे ताडून बघायची सोय त्या अर्जात होती. इथं पिढ्यान्‌पिढ्या हाळी देणाऱ्यांना ती सुचली नव्हती. की आता बनाबाई गेल्यावर सोपी वाटत होती?

"तू शिकलेली," साळूबाई म्हणाली. "सांग, मला कळाया पायजे व्हतं का?"

उत्तर द्यायच्या आत खालून गेनबाची हाळी आली, "वरली मंडळी, हाय का?"

"हाय वोऽ," साळूबाईनं ओ दिली.

लगेच दुसरी ओ आली. घोगरी, शेवटाला हेल काढलेली. बनाबाईची. फौजियाची मान गर्रकन कुलपाकडं वळली.

परत बघते तर साळूबाईचं तोंड अजून उघडंच. "सवय लागलीया," ती खजील होऊन म्हणाली. "गेनबाबी काय बोलत न्हाई."

सगळं ठाऊक असून, हातभर अंतरावर बसून फौजिया फसली होती. सोमवारी तो पेन्सिलीचा शेरा खोडून काय लिहायचं, ते तिचं ठरलं.

"न्हाई, मावशी. नसतंच कळलं. मला आत्ता कळलं न्हाई."

साळूबाई कुलपाकडं हनुवटी करून हळूच म्हणाली, "मग तिला सांग तेवढं. माजं ऐकत न्हाई."