कालचा फेरा

मी व्यायामाचा एक जुना मुदगल आहे, मित्रांनो. सागवानी, खाली जाड, वर मुठीपुरता बारीक. वजनाने फार नाही, पण घाईला मी माफ करत नाही. सिल्वासाच्या सरकारी क्वार्टरमध्ये शैलजाबाईंचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी सहा वर्षे त्याला टेकून उभा होतो. काय दिवस आले म्हणायचे!

रांधा गावच्या झिपरू सुताराने मला १९८१ साली घडवले. घडवून घेणारे शैलजाबाईंचे यजमान दत्तात्रय सर मूळचे कोकणातले, इथल्या शाळेत कवायत शिकवायचे. तासता तासता झिपरूने विचारले, मास्तर, याने कोणाला मारायचे आहे? सर म्हणाले, आळसाला. झिपरू बराच वेळ हसत होता.

रोज पहाटे पाचला सर तळहाताला राख चोळत, मला कपाळाला लावत आणि फिरवत. डोक्यावरून पाठीमागे, पुन्हा समोर, हा एक फेरा. नव्व्याण्णव झाले की थांबत. शंभरावा ठेवून देत. दुसऱ्या दिवशी आधी तो उरलेला फेरा फिरवत, "कालचा" म्हणत, आणि मग एकपासून मोजत.

नरोलीच्या कारखान्यातला सुपरवायझर विशाल त्यांच्याकडे शिकायला येई. एक कशाला उरवायचा, असे त्याने एकदा विचारले. सर म्हणाले, "दम संपवायचा नसतो रे. उद्यासाठी ठेवायचा असतो." जुन्या तालमीत आरसा नसे, हेही ते सांगत. छाती किती फुगली ते बघायला तिथे कोणी जात नसे. पुरात कोणाला ओढून काढायची वेळ आली तर अंगात बळ हवे, म्हणून जात.

१९९१च्या डिसेंबरात एका सकाळी त्यांनी नव्व्याण्णव फेरे केले, मला कोपऱ्यात उभे केले आणि ते शाळेत गेले. क्रीडादिनासाठी मैदानावर चुन्याच्या रेघा मारता मारता कोसळले. परत आलेच नाहीत.

त्यांचा तो एक फेरा मात्र घरातच राहिला. पहाटे पाच वाजले की मला त्यांचा श्वास ऐकू येई, अगदी जवळून. मला वाटे, लाकडाला भास होत असावेत. पण शैलजाबाईही त्याच वेळी अंथरुणात उठून बसत आणि कान देऊन ऐकत. सर उभे राहत त्या फरशीवरचा केर त्या काढत, पण तिच्यावर पाय ठेवत नसत. आम्ही दोघे एकाच घरात तेच ऐकत होतो आणि एकमेकांना सांगू शकत नव्हतो. फार एकटे वाटे.

विशाल मग नरोलीतल्या नव्या जिममध्ये जाऊ लागला. चारी बाजूंना आरसे, आणि अंगात जोराचा कण आहे तोवर थांबायचे नाही हा नियम. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याच्या उजव्या खांद्याने असा दगा दिला की केस विंचरायलाही हात वर जाईना. कित्येक महिन्यांनी डॉक्टरांनी हलका व्यायाम करायला परवानगी दिली, तेव्हा १९९७च्या एका पहाटे तो दारात आला. त्याने मला उचलले आणि राख चोळली.

"काकू," तो म्हणाला, "सरांचा कालचा फेरा राहिलाय. आधी तो मी पुरा करतो."

सहा वर्षे मी कोणाच्या तरी हाताची वाट पाहिली होती. पण त्या क्षणी मला हातातून निसटावेसे वाटले. तो फेरा पुरा झाला तर उद्या पहाटे पाचला काय ऐकू येणार होते?

शैलजाबाईंनी विशालला दंडाला धरून त्या फरशीवर उभे केले.

"तो त्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "तो राहू दे. तू एकपासून लाग."

त्या मोजत गेल्या. नऊ झाले तेव्हा विशालच्या कपाळावर घाम होता, तरी अंगात जोर होता. शैलजाबाईंनी मोजणे थांबवले आणि तोही थांबला. दुसऱ्या पहाटे तो आला, "कालचा" म्हणाला आणि दहावा फेरा फिरवला. माझ्या मुठीला दोन श्वास जाणवले.

मित्रांनो, अंग कमवा, पण ते एका दिवसात उधळू नका. रोज एक फेरा उद्यासाठी ठेवत जा. उद्या तुम्ही आला नाहीत, तरी तो तुमची वाट पाहत थांबतो. सरांचा अजून माझ्यापाशी आहे.