सहावा रेणू

पाण्याचे पाच रेणू एकत्र आले की गोल करून बसतात. प्रत्येकाने हायड्रोजनचा एक हात एका शेजाऱ्याला द्यायचा, दुसऱ्या शेजाऱ्याचा हात घ्यायचा, आणि आपला उरलेला हात मोकळा सोडायचा. कसली कटकट नाही. धाकटीचा प्रबंध या पाचांवर सुरळीत चालला होता. सहावा आला आणि घोडं अडलं. तिचं गणित दर वेळी सांगे, की सहाही जण गोलातच बसतात. तिचे सर दर वेळी मान हलवत, कारण प्रयोगांत सहा जणांची बांधणी याहून घट्ट दिसत होती.

घरीही घोडं सहाव्यापाशीच अडलं होतं, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आई गेल्यावर उरले वडील, आत्या, दादा, वहिनी आणि ही. वडिलांनी उतारवयात पुन्हा लग्न केलं, तेव्हा हिने तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. सरळही काढला नाही. त्या बाईंना आजवर एकदाही हाक मारली नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून बोलायचं. एवढी शिकली, पण अक्कल शून्य! शेवटी वडिलांनी लांब एक खोली बघितली. उद्या दोघं जाणार होते, आणि वडिलांशिवाय घर खायला उठेल, हे हिला पुरतं ठाऊक होतं.

दुपारी प्रयोगशाळेत पंखा घरघरत होता. धाकटीने संगणकाला दिलेल्या सूचना पहिल्यापासून वाचल्या आणि कपाळावर हात मारला. पाचांसाठी घातलेली सममितीची अट तिने काढलीच नव्हती. नवा आला तरी आकार जुनाच राहायचा, असा हुकूम तिचाच होता. रेणू बिचारे काय करणार?

तिने अट काढली, रेणूंना थोडी ऊब दिली आणि पडद्याकडे बघत बसली. डोळे जड झाले. गोल हलकेच डुलू लागला. एक रेणू वर उचलला गेला, एकाने धरलेला हात सोडला, तो दुसऱ्याने झेलला. कुणी कुणाला बाहेर ढकललं नाही. तरंगत, वळत सगळे जवळ आले आणि त्यांची उभी-आडवी गुंफण झाली. आपणही त्यांच्यात तरंगतोय, आपला रिकामा हात कुणीतरी धरतंय, असं तिला वाटत राहिलं. भानावर आली तेव्हा पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा स्थिरावला होता, बांधणी आधीपेक्षा कितीतरी घट्ट झाली होती. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

सरांना निकाल दाखवायचं सोडून ती तडक घरी आली. बाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, शेजारी बॅग उघडी होती.

"तुम्हाला काय म्हणावं, तेच मला सुचत नव्हतं," ती दारातूनच म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं नाही. "काहीही म्हण गं. पण म्हण. मी इतके दिवस कान लावून बसलेय."

"मावशी, जाऊ नका," एवढंच तिच्याने बोलवलं.

मावशींनी घड्या बाजूला सारल्या आणि तिला बसायला जागा करून दिली.