दलदलीच्या काठावरची हाळी

मी एक जुनी पाटी आहे. जुनी म्हणजे चार उन्हाळ्यांची. हसू नका, मित्रांनो. माझ्या अंगावरच्या काळ्या चौकोनांच्या नक्षीला तुम्ही क्यूआर कोड म्हणता. आमच्या जातीतल्या बहुतेकजणी कागदाच्या असतात, एका पावसात संपतात. मी ॲल्युमिनियमची, म्हणून टिकले, आणि टिकले म्हणून नको ते बघावं लागलं. त्याला आता वर्ष होत आलं, तरी माझा धक्का ओसरलेला नाही.

मला घडवून घेतलं ते तूव्हानं. ती आमच्या, म्हणजे स्वीडनमधल्या दालार्ना भागातली, खालच्या गावच्या ग्रंथालयात काम करणारी. तिची मावशी गुनबोर्ग एकाहत्तर वर्षांची. दर जूनमध्ये गुनबोर्ग आपल्या सहा गाई घेऊन डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यात येते आणि सप्टेंबरपर्यंत तिथंच राहून चीज करते. आमच्याकडे हे काम पहिल्यापासून बायकांचं. गाई दिवसभर रानात मोकळ्या चरतात. संध्याकाळी गुनबोर्ग उंबऱ्यावर उभी राहून हाळी घालते. त्या हाळीत शब्द नसतात, नुसता उंच, बारीक, थरथरता सूर असतो. तो सूर पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो आणि गाई असतील तिथून सरळ घराकडे निघतात. ही हाळी आईकडून मुलीकडे येते. गुनबोर्गला मुलगी नव्हती आणि तूव्हाचा गळा काही तेवढा वर चढत नव्हता. म्हणून तूव्हानं ठरवलं, निदान आवाज तरी जपून ठेवू.

तिनं तो भर हिवाळ्यात, गावच्या सभागृहात ध्वनिमुद्रित केला.

"मावशी, त्या भिंतीकडे तोंड करून घाल हाळी."

"भिंत काय दूध देणार आहे मला?" गुनबोर्ग म्हणाली होती. पण भाचीचा शब्द तिनं मोडला नाही. गाई तेव्हा खाली दरीतल्या गोठ्यात, बर्फाच्या पलीकडे बंद होत्या. त्यांच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही.

तो आवाज तूव्हानं इंटरनेटवर, लोक गाणी ऐकतात तिथं ठेवला. माझ्यात आवाज नाही, मित्रांनो. माझ्यात फक्त त्या आवाजापर्यंतची वाट आहे. कुणी माझ्यासमोर फोन धरला की मी वाट दाखवते आणि फोनमधून गुनबोर्ग बोलावू लागते. मला याचा केवढा अभिमान होता!

मला कुठं लावायचं यावर गावच्या वारसा मंडळाची बैठक बसली. मी टेबलावर, कॉफीच्या कपांच्या आणि दालचिनीच्या पावांच्या मध्ये पडून होते. मंडळाचे अध्यक्ष एस्बियोर्न म्हणाले, "गोठ्यापाशी लावून उपयोग काय? तिथं फोनला रेंज म्हणजे अमावास्येचं चांदणं. दलदलीच्या अलीकडच्या काठावर रेंज येते. वाटसरूही तिथंच दम खायला थांबतात."

"आणि देखावाही छान आहे," कुणीतरी पुस्ती जोडली.

"कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती. हातोडी वाजली, ठराव झाला आणि सगळ्यांनी दुसरी कॉफी घेतली. फोनला कुठून ऐकू येईल याचा विचार नऊ डोक्यांनी केला. आणखी कुणाला ऐकू जाईल, हा विचार एकाही डोक्यात आला नाही. गुनबोर्ग बैठकीला नव्हती. ती वर गोठ्यात चीज करून उरलेलं दुधाचं पाणी खव्यासारखं आटवत होती आणि ते करपू नये म्हणून तिला चुलीपासून हलता येत नव्हतं.

अशी मी दलदलीच्या काठावर आले. समोर पाणथळ गवत, त्यापलीकडे रान आणि रानाच्या कडेला गुनबोर्गचा गोठा. तीन उन्हाळे माझं फार कौतुक झालं. लोक कानात इयरफोनची बोंडं घालून ऐकत, नाहीतर फोन कानाशी धरत. काहींचे डोळे भरून येत. तूव्हानं माझ्या धाकट्या बहिणी छापून चीजच्या वेष्टनांवर, बसथांब्यावर, ग्रंथालयाच्या दारावर चिकटवल्या. ऐकणाऱ्यांचा आकडा चढत गेला, अकरा हजारांवर पोचला. "मावशी, जपानहून पत्र आलंय!" असं ती ओरडत वर जायची. मलाही वाटू लागलं की या डोंगरावरची सगळ्यात कामाची वस्तू मीच. चढेल तो पडेल म्हणतात. पण मी चढले आणि पडलं भलतंच कुणीतरी.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. स्टॉकहोमचं एक जोडपं माझ्यापाशी येऊन टेकलं. तो येस्पर, ती मालिन. येस्परनं मला फोन दाखवला. हाळी सुरू झाली.

"एवढासाच आवाज? थांब, स्पीकर काढतो."

"अरे, रान आहे हे, आपला दिवाणखाना नाही," मालिन म्हणाली.

"रानातलंच गाणं आहे गं. रानात नाही वाजवायचं तर काय लिफ्टमध्ये?"

त्यानं पिशवीतून डब्याएवढा स्पीकर काढला आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. माझ्या काठावरून गुनबोर्गची हाळी उठली आणि समोरच्या रानावर जाऊन आदळली. पलीकडे गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्या थांबल्या. त्यानं पुन्हा लावली. घंटा पुन्हा वाजू लागल्या, पण आता जवळ येत होत्या. मला तेव्हा कळलं. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. नुसती बघत राहिले.

तिसऱ्या हाळीला रानातून पांढरी मायरोस बाहेर आली. ती कळपाची म्होरकी, अकरा वर्षं या आवाजाला ओ देणारी. मागे बाकीच्या पाच. मध्ये दलदल आहे हे तिला ठाऊक होतं, एरवी ती तिथं पाऊल टाकत नसे. पण गुनबोर्ग बोलावते म्हणजे वाट असणारच. ती सरळ माझ्याकडे बघत चालत आली. आणि पोटापर्यंत रुतली.

"बंद कर! येस्पर, बंद कर ते!" मालिन किंचाळली.

येस्परच्या हातून फोन चिखलात पडला. स्पीकर वाजतच होता. मायरोस चिखलात रुतलेली, आणि तिच्या धनिणीचा आवाज तिला गोडीगोडीनं आणखी पुढे बोलावत होता! असा भयंकर आवाज मी जन्मात ऐकला नाही, आणि त्याची वाट मी दाखवली होती. शेवटी मालिननं स्पीकरच पाण्यात फेकला आणि आपल्या फोनवरून गावातून मदत मागवली.

मग गुनबोर्ग धावत आली. एकाहत्तरीची बाई, पायात एकच बूट. पाच गाई पलीकडच्या काठावर थबकल्या होत्या, त्यांना तिनं मागे लोटलं. गावातून तूव्हा आणि एस्बियोर्न आले, गोठ्याचं दार उचकटून त्याच्या फळ्या आणि दोर घेऊन. येस्पर कमरेपर्यंत चिखलात उतरला, फळ्या सरकवत राहिला. तीन तास लागले. मायरोस बाहेर निघाली तेव्हा तिचे पाय लटपटत होते, पण ती वाचली.

मी म्हटलं, सुटले. पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसला.

गुनबोर्गनं उंबऱ्यावरून नेहमीसारखी हाळी घातली. पलीकडच्या उतारावर सहाही गाईंनी माना वर केल्या. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं, मग दलदलीकडे, माझ्याकडे पाहिलं. आणि तिथंच उभ्या राहिल्या. गुनबोर्गनं पुन्हा हाळी घातली, तिसऱ्यांदा घातली. सूर कुठंच चुकला नव्हता. एकही गाय हलली नाही. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रानात अस्वलं आहेत, गाई रात्री बाहेर ठेवता येत नाहीत. त्या आल्याच नाहीत तर उन्हाळी गोठा संपला.

ती माझ्यापाशी आली. तूव्हा मागोमाग, रडून डोळे सुजलेली.

"तो आवाज काढून टाक," गुनबोर्ग म्हणाली.

"मावशी, पाटी काढते ना. पण आवाज राहू दे गं. तुझ्यानंतर काय उरणार? अकरा हजार लोक ऐकतात तुला."

"त्या अकरा हजारांना संध्याकाळी घरी यायचं नसतं, तूव्हा. मला माझ्या सहाजणींनी ऐकलं पाहिजे."

तूव्हानं तिथंच, माझ्यासमोर, तो आवाज पुसला. आता मला फोन दाखवलात तर तूव्हाचा साधा बोलका आवाज येतो, "इथे गाई चरतात. कृपया मोठ्यानं काही वाजवू नका." ते ऐकायला कुणी फारसं थांबत नाही. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पाट्या तुम्हाला जागोजागी भेटतील. आम्ही सांगू तिथं डोळे मिटून जाऊ नका. आणि जे ऐकाल ते तुमच्यापुरतं ऐका, कारण एखाद्याला जे नुसतं गाणं वाटतं, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा जीव विसंबलेला असतो.

गुनबोर्ग रोज संध्याकाळी ओच्यात मीठ घेऊन रानात जाऊ लागली. एकेकीच्या समोर उभी राहून, हळू आवाजात हाळी घालून, तळहातावरचं मीठ चाटवू लागली, आणि मग तूव्हाच्या मदतीनं त्यांना हाकत गोठ्यात आणू लागली. नवव्या दिवशी ती उंबऱ्यावरून हाळी घालायला उभी राहिली आणि मायरोस निघाली. या उन्हाळ्यातही ती येते. पण अर्ध्या वाटेत थांबते, आणि गुनबोर्ग डोळ्यांना दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकत नाही.