मधोमध बंद पडणारी लाँच

भाटघर धरणाच्या पाण्यात मोहिनीची लाँच बरोबर मधोमध बंद पडायची. जाताना पडायची, येतानाही पडायची. आधी इंजिनाचा घसा दाटल्यासारखा व्हायचा, मग ते आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मागे उरायचा तो नुसता पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, आणि उतारू एकमेकांकडे बघत बसायचे.

बोलायचं कुणी नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं. मोहिनीचा नवरा बाजी याच जागी बुडाला होता.

पावसाळाभर काठावर ओढून ठेवलेली लाँच त्यानं पाण्यात घातली, आणि त्या हंगामातल्या पहिल्याच फेरीला ती इथं थांबली. धरणात तुटकी जाळी फार. त्यातलंच एखादं लाँचच्या बुडाखालच्या पंख्याला गुंडाळलं असेल असं वाटून तो कोयता घेऊन पाण्यात उतरला. एकदा वर आला, "काय लागंना हाताला," म्हणाला, आणि परत खाली गेला. तो वर आलाच नाही. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या पायाला जाळं होतं. पंखा मात्र मोकळा होता.

तेव्हापासून सुकाणू मोहिनीच्या हातात आलं. पलीकडच्या काठावरून डोंगर चढून गेलं की वेल्ह्याचा मुलूख लागतो. तिकडच्या धनगरवाड्यांना बाजाराला यायचं तर लाँच, नाहीतर रस्त्यानं भला मोठा वळसा. ती बंद ठेवून चालणार नव्हतं.

किकवीचे आनंदराव मिस्त्री दोनदा येऊन गेले. त्यांनी फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या, पंप खोलला. टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि काठाला बांधलेल्या लाँचवर इंजिन चालू करून बसले. ते दुपारभर एका सुरात चाललं. आनंदरावांनी हात पुसले, पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वयनी, इंजिनात कायबी दोष न्हाई. फुडचं माज्या हातातलं न्हाई."

मग मोहिनी स्वतःच डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायला शिकली. इंजिन थांबलं की स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत पंप दाबत बसायचं, मग हँडल मारायचं. थोड्या वेळानं इंजिन लागायचं. पण तेवढ्या वेळात तिच्या कानांवर दुसरंच काहीतरी यायचं. पायाखालच्या फळ्यांच्या खालून, मागच्या बाजूला, कुणीतरी हातानं पंखा चाचपत असल्याचा आवाज. सावकाश, एकेक पातं. ती जोरजोरात पंप दाबायची, म्हणजे तो ऐकू यायचा नाही.

बाजीची आई, बयाबाई, काही काम नसताना फेरीला यायची. लाँच थांबली की कडेला वाकून पाण्याशी हळू बोलायची. कुणाची शेळी व्याली, कुणाचं लगीन ठरलं, भात किती झालं. मोहिनीला घाई असली तरी त्या वेळी ती हँडलला हात लावायची नाही.

थंडीतल्या एका सकाळी दोघीच होत्या. लाँच थांबली. मोहिनीनं या वेळी नेहमीचा स्क्रू सोडून टाकीकडून येणाऱ्या नळीचा नट ढिला केला. डिझेल बाहेर यायला हवं होतं. उलट नळीच फुरफुरली आणि हवा आत ओढायला लागली. तिनं बोट लावलं, तर बोट चिकटलं. पलीकडून कुणीतरी ओठ लावून ओढत असावं, तसं.

तरी ती नळीवर हात ठेवत मागे सरकत गेली, सुकाणूजवळच्या फळीखाली असलेल्या टाकीपर्यंत. टाकीचा पत्रा पोटात गेला होता. उपाशी जनावराची कूस जाते, तसा. हे तिनं आजवर कधी बघितलं नव्हतं. डिझेल घाटावरच भरून घ्यायची सवय, त्यामुळं पाण्यावर टाकीकडं बघायचं कारणच पडलं नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी झाकण फिरवलं.

हुऽऽस् करून टाकीनं लांबलचक श्वास आत घेतला. पत्रा धाडकन जागेवर आला.

"कोन गं?" बयाबाई दचकून वळली. "कोन उसासलं?"

"टाकी हाय, आत्या."

टाकीला हवा आत येण्यासाठी वाकडी बारीक नळी होती. मोहिनीनं तिच्यात तार घातली. तार बोटभर आत जाऊन अडली. टोकरल्यावर वाळकी माती पडली, मग आणखी माती, आणि मातीत कुंभारीण माशीची रिकामी कोशी. पावसाळ्यात लाँच काठावर होती तेव्हाचं घर. हवाच आत येईना, म्हणून डिझेल खाली उतरेना. इंजिन थांबलं की झाकणाच्या फटीतून वारा हळूहळू शिरायचा आणि ते परत लागायचं. घाटावरून निघालं की इथवर पोचेतो टाकीचा दम संपायचा. एवढंच होतं.

एवढंच, आणि ती नळी सुकाणूच्या बाजूलाच होती. बाजी बसायचा तेव्हा त्याचं कोपर तिच्यावर टेकलेलं असायचं. झाकण नुसतं सैल केलं असतं तरी भागलं असतं.

मोहिनीनं तार खाली ठेवली. मग तिनं सासूला सगळं सांगितलं, माती तळहातावर धरून.

बयाबाईनं ती माती चिमटीत घेऊन बघितली.

"मंजी पंख्याला जाळं न्हवतंच?"

"न्हवतं, आत्या."

"मग त्याला सांग की." बयाबाईनं पाण्याकडं बोट केलं. "त्याला अजून ठावं न्हाई. हुडकतोय त्यो. म्या सारं बोलते त्याच्याशी, पन त्यो काय ऐकत न्हाई. हात कामात असला का त्यो कुनाचं ऐकायचा?"

म्हणजे तो आवाज सासूलाही येत होता. इतके दिवस दोघी एकाच लाँचमध्ये बसून तो ऐकत होत्या, आणि एकीनं दुसरीला विचारलं नव्हतं.

मोहिनी मागच्या कडेला गेली, गुडघे टेकून वाकली. पाणी हिरवं होतं, हातभर खालचं दिसत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "पंखा मोकळा हाय. वरच्या नळीत माती बसली हुती. म्या काडली. आता या तुमी... न्हाईतर जावा. पन हुडकू नका."

बयाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी तशाच वाकून राहिल्या. वारा पडलेला असूनही लाँच जराशी एका बाजूला कलली, जसं कुणी कडेला हात टेकवावा तसं, आणि सावकाश सरळ झाली.

पलीकडच्या काठावरून धनगरांनी हाळी दिली. शेळ्या ओरडत होत्या. मोहिनीनं पदरानं तोंड पुसलं, नळीचा नट आवळला, सावकाश पंप दाबून एअर काढली. फळ्यांखालून या वेळी काहीच ऐकू आलं नाही. तिनं झाकण लावलं आणि हँडल मारलं.