आईसाठी हिंदी

"तो पराठा अच्युतचाय. हात नको लावूस," आई म्हणाली.

नलूनं हात मागे घेतला, पण डोळे नाही घेतले. तुपात परतलेला पराठा, आत पनीर, वर लोण्याचा गोळा. गेला आठवडाभर घरात हेच चाललं होतं. अच्युतसाठी पनीर, अच्युतसाठी टीव्ही बंद. बाबांच्या आवाजापुढे कारखान्याचा भोंगा फिका पडायचा, ते बाबासुद्धा अच्युतसाठी कुजबुजत होते. आणि नलूच्या ताटलीत रात्रीची पोळी, दुमडून.

"डोहाळे लागलेत का त्याला?"

"हळू बोल गं! आत आहे तो." आईनं गॅस बारीक केला. "आणि आज पार्लरला दुपारून जा. शाळेत यायचंय माझ्याबरोबर. त्या मॅडमनी बोलावलंय. बाबांना शिफ्ट आहे, आणि मला काही त्यांची फाडफाड हिंदी झेपत नाही."

"मी? त्या शाळेत? पागल झालीस का?"

"मग शेजाऱ्यांना नेऊ दुभाषी म्हणून? सगळ्या टाउनशिपला कळायला?"

बाबांची नाशिकहून भोपाळच्या कारखान्यात बदली झाली, तेव्हा पोरांनी हिंदी पाण्यासारखी पिऊन टाकली. आईची हिंदी मात्र भाजीवाल्याच्या गाडीपाशी आली आणि तिथंच थांबली. 'भैया, ये दोडका कोवळा है क्या?' एवढ्यावर तिचा संसार चालायचा.

अच्युत दहावीत. पहिल्या पाचातला. त्यानं सहामाहीला गणिताचा पेपर कोरा दिला होता. येत नव्हतं म्हणून नाही. नुसता बसून राहिला आणि घंटा झाल्यावर देऊन आला. नलूनं असं केलं असतं तर? त्याला 'तर' कशाला पाहिजे? अकरावीत तिनं केलंच होतं. बाबांनी दोन ठेवून दिल्या होत्या. मग तिनं शाळाच सोडली, आणि 'हिला डोकंच नाही' असं ठरवून घर मोकळं झालं. आता ती पिपलानीच्या बाजारात कुसुम भाभींच्या पार्लरमध्ये कामाला जायची.

शाळेकडे जाताना अच्युत मधे, आई एका बाजूला, नलू दोन पावलं मागे. अच्युतचं दप्तर आईच्या खांद्यावर होतं. मिसरूड फुटलेला घोडा, आणि दप्तर आईच्या खांद्यावर! नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, पालखी पण मागव ना," ती म्हणाली.

"ताई, प्लीज यार," अच्युत मागे न बघता म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

जिन्याखालच्या खोलीवर नवी पाटी होती. 'मन-मित्र कक्ष'. नलूला हसूच आलं. तिच्या वेळी इथं मोडके बाक कोंबलेले असायचे. मधल्या सुट्टीत ती त्या बाकांमागे जाऊन रडायची. एकदा पीटीच्या सरांनी दंडाला धरून बाहेर काढलं होतं, 'ड्रामा बंद' म्हणत. आता त्याच जागी निळे पडदे होते, गुबगुबीत खुर्च्या, बाटलीत मनीप्लांट. रडणाऱ्यासाठी टेबलावर कागदी रुमालांचा डबासुद्धा! आणि बसणार कोण? तर अच्युत.

शाळेच्या समुपदेशक फरहत मॅडम उठून उभ्या राहिल्या. सुती कुर्ता, वयानं लहानच. "आप अच्युत की दीदी? अच्छा किया, आप भी आईं."

या शाळेत नलूला कधी कुणी 'आप' म्हटलं नव्हतं. अच्युतला मात्र या खोलीत असली विचारपूस दर बुधवारी मिळत होती, फुकटात.

"आंटी," मॅडम म्हणाल्या, "अच्युत ने खुद कहा है कि मैं आपको बताऊँ. इसे नींद नहीं आती. किसी चीज में मन नहीं लगता. कहता है, अंदर सब खाली-खाली लगता है."

आईनं नलूकडे पाहिलं. "काय म्हणतायत गं?"

नलूच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला.

कारण तो आधी तिचा होता. शाळा सोडायच्या आधी, एका रात्री ताटावर बसून ती म्हणाली होती, "आई, मला खाली-खाली वाटतंय गं." तेव्हा आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "खालीच तर राहतो आपण! वरच्या मजल्यावर पांडे राहतात." बाबांना हसता हसता ठसका लागला. अच्युत तर ताटावरून उठून नाचला. मग तो विनोद घरचाच होऊन बसला. पाहुण्यांना सांगायचा, नाशिकच्या मावशीला फोनवर सांगायचा. मावशी अजून विचारायची, "काय गं, आलीस का वर?" नलूपण हसायची. काय करणार? दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

आज होता. पण अच्युतला तो फुकट का द्यायचा?

"झोप येत नाही त्याला," नलू म्हणाली. "कशात मन लागत नाही. आणि... खाली-खाली वाटतं म्हणे."

"खाली?" आईच्या ओठांचा कोपरा सवयीनं हलला. "अगो बाई, ह्यालाही? अरे, खालीच तर राहतो आपण!"

आई हसली. घाबरलेलं होतं, पण हसूच होतं. या हसण्याची नलूनं कितीतरी दिवस वाट पाहिली होती. ते बरोबर लागलं का, हे बघायला तिनं अच्युतकडे पाहिलं.

तो चिडला नव्हता. थांब्यावर बस न थांबता निघून गेली की रोजचा माणूस मान हलवतो, तशी त्यानं मान हलवली. आणि मॅडमना हळूच म्हणाला, "मैंने कहा था ना मॅम, घर पे नहीं बोल सकते."

त्या रात्री हा नाचला होता खरा. पण नाचता नाचता पोरानं बघून ठेवलं होतं, या घरात कोणता शब्द बोलायचा नाही.

"रिकामं, आई!" नलू एवढ्या जोरात म्हणाली की मॅडम दचकल्या. "खाली म्हणजे रिकामं. हिंदीतलं खाली. आतून रिकामं-रिकामं वाटतं त्याला. कशानं भरतच नाही. हसतेस काय?"

आईचं हसू तिथंच मेलं. "रिकामं?" ती म्हणाली. तिनं अच्युतचा हात ओढून मांडीवर घेतला. मग मान वळवून ती नलूकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? मॅडम पुढचं सांगतायत, ऐक."

पुढचं सगळं नलूनं नीट सांगितलं. डॉक्टरांना दाखवायचं. मार्कांचं नाव काढायचं नाही. नुसतं जवळ बसायचं, तो बोलला नाही तरी. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. आईनं सगळा वेळ अच्युतचाच हात धरला होता, आणि नलूला ते सगळा वेळ दिसत होतं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "दीदी, आप भी कभी आइए. बस यूँ ही."

"मेरा नाम कट चुका है यहाँ से."

"मैंने नाम थोड़े ही पूछा."

नलूनं चपला घातल्या. आई अच्युतला घेऊन ऑटोत बसली, नलू पायीच पार्लरला गेली.

दुपारी कुसुम भाभी जेवायला गेल्या होत्या. पार्लरचं दार उघडलं आणि आई आत आली. 'असली थेरं' म्हणून ती आजवर या दुकानाची पायरी चढली नव्हती.

"अच्युत?"

"झोपलाय. बाबा लवकर आलेत, बसलेत उशाशी." आई खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. आरशात बघेना. "भुवया कर."

"तुझ्या? दुखतं हां. पहिल्यांदा तर फार."

"दुखू दे. कर तू."

नलूनं दोऱ्याला पीळ दिला, एक टोक दातांत धरलं. नलूनं सांगितल्याप्रमाणे आईनं भुवईजवळची कातडी बोटांनी ताणून धरली. दोरा चर्र चर्र चालू लागला.

"नलू," डोळे मिटूनच आई म्हणाली, "तू तेव्हा म्हणाली होतीस..."

दोरा दातांत होता. नलूला बोलता येत नव्हतं. तिनं हात थांबवले नाहीत. आईच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं, कानाकडे ओघळलं. पहिल्यांदा सगळ्यांच्याच डोळ्यांतून येतं. पण हे थांबेना.

नलूनं दोरा सोडला. "राहू दे का?"

"नको," आई म्हणाली. "दुसरी राहिलीय."

नलूनं कापसानं तिचे डोळे टिपले. आईनं दुसरी भुवई बोटांनी ताणून धरली, आणि नलूनं दोरा पुन्हा दातांत घेतला.