जस्त हरवलेलं बोट

मी एक जुना, गोठलेला थेंब आहे, मित्रांनो. करंगळीपेक्षा लहान नळीत, प्रयोगशाळेतल्या फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या खणात पडून आहे. माझ्यात एक प्रथिन आहे; होतं म्हणा. त्याला जस्ताचं बोट म्हणतात. प्रथिनाची साखळी जस्ताच्या कणाला कवटाळते, तेव्हाच तिला बोटाचा आकार येतो आणि ते बोट जनुकावर नेमक्या जागी टेकतं. जस्त गेलं की उरतो नुसता गुंता.

माझा जन्म जिवाणूंच्या पोटात झाला. हसू नका! संशोधक ताईने माणसाच्या प्रथिनाची कृती त्यांच्यात घातली, त्यांना उबेत वाढवलं, मग फोडून, गाळून, धुऊन मला वेगळं काढलं. कितीदा तरी हाती भोपळा आला, पण ती हटली नाही.

कारण तिच्या धाकट्या बहिणीच्या शरीरात हेच प्रथिन चुकीचं घडत असावं, असा तिचा कयास होता. मी औषध नव्हतो, फक्त प्रयोगापुरता. बहिणीलाही ते ठाऊक होतं. ती फोनवर म्हणायची, "बरी नाही झाले तर नाही. पण मला हे का झालं, तेवढं कळू दे." आणि फोन ठेवता ठेवता हमखास विचारायची, "तुझं बोट कसं आहे?"

पहिल्या प्रयोगात मी जनुकाला बरोब्बर धरलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, कधी कुणाला चांगलं म्हणत नसत, तेही प्रयोगाच्या फोटोत उमटलेला पट्टा पाहून खुर्चीतून उठले. मी तर हवेतच होतो. पण एकदा दिसलं म्हणून ते खरं मानायचं नाही, अशी इथली रीत. बहिणीचं बिघडलेलं प्रथिन शेजारी ठेवून पुन्हा प्रयोग करायचा होता. त्यासाठी माझी ही शेवटची नळी राखून ठेवली होती.

तेवढ्यात बहिणीचं दुखणं बळावलं आणि ताई रुग्णालयात धावली. शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण फार मायाळू. ताईला आल्यावर सगळं आयतं मिळावं म्हणून तिने मला बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या मोठ्या बाटलीतलं द्रावण माझ्यात घातलं. त्यात धातू ओढून घेणारं रसायन असतं. इतर प्रथिनं त्यात छान टिकतात, म्हणून सगळे डोळे झाकून तेच वापरतात. ताई माझ्यासाठी वेगळं द्रावण बनवायची, पण हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. बिचारी मैत्रीण करायला गेली एक आणि झालं भलतंच. माझं जस्त निघून गेलं आणि मला ओरडताही येईना.

ताई परतली, प्रयोग केला, तर फोटो कोरा, पट्टा नाहीच. तिने वरून जस्त घालून पाहिलं, पण तोवर माझ्या गुठळ्या झाल्या होत्या. कारण कळल्यावर मैत्रीण रडू लागली. ताईने तिला खुर्चीत बसवलं. मग म्हणाली, "तुला सांगून ठेवायचं मला सुचलंच नाही गं."

तिने पुन्हा पहिल्यापासून जिवाणू वाढवले. नवं प्रथिन आलं, माझ्याहून देखणं. ते जनुकावर नीट टेकलं, बहिणीचं टेकलं नाही. उत्तर मिळालं. ताईने सवयीने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. बहिणीला जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

म्हणून विनवतो, मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी विचारा; आणि आपल्याला ठाऊक असलेलं शेजाऱ्याला सांगून ठेवा. मी आता काही कामाचा नाही. परवा फ्रीजर साफ करताना मैत्रिणीने मला उचललं आणि हळूच विचारलं, "हे टाकू का?"

ताईने माझी नळी तिच्या हातातून घेतली आणि परत खणात ठेवली. म्हणाली, "राहू दे. फोनवर ती ह्याचीच चौकशी करायची."